अंकुशकृमी आणि अनवाणी पाय

केळशीला नवखा पाहुणा आला, की त्याला दोन ठिकाणे दाखविण्याची आमच्याकडे रीत आहे. एक महालक्ष्मीचे देऊळ आणि दुसरे म्हणजे भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी या टेकडीचे थर तपासून जुन्या वस्तीच्या खुणा शोधल्या आहेत. इतिहासाचा शिक्षक म्हणून मीही पाहुण्यांना हौसेने तेथे नेतो. पण आज ज्या इतिहासाविषयी बोलायचे आहे, त्याचे थर वाळूत सापडायचे नाहीत. तो घडला माणसाच्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर, आणि त्याची साक्ष उमटली ती कष्टकऱ्यांच्या पांढुरक्या नखांवर नि सुजलेल्या पावलांवर.

एका आठवणीपासून सुरुवात करतो. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत शिंपण्याच्या कामाला एक बाई येत. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. नारळी-पोफळींच्या सावलीत, ओल्या मातीत, त्या दिवसभर अनवाणी वावरत. पुढे पुढे त्यांना घागर उचलवेना. चार पावले टाकली की धापा टाकीत आळ्याच्या कडेला बसत. घरातल्या मोठ्या माणसांनी निदान करून टाकले, "अंगचोर झाली आहे." आजी तेवढी म्हणायची, "अरे, तिच्या अंगात रक्तच दिसत नाही मला." अखेर त्यांना तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासले आणि म्हणाले, "या बाई इथवर चालत आल्या हेच नवल!" मलतपासणीत अंकुशकृमीची अंडी निघाली. रक्त चढविले, जंतांच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या कित्येक महिने चालू ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात मावशी डोईवर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन पूर्वीसारख्या चालू लागल्या. अंगचोर म्हणणाऱ्यांनी मात्र त्या शब्दाचा पुन्हा उच्चार केला नाही.

आळस हा माणसाचा स्वभाव, की त्याच्या पोटातला आजार? हा प्रश्न केवळ आमच्या वाडीपुरता नव्हता. तो साऱ्या जगाला पडला होता आणि त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ पाऊण शतक लागले.

पोटातल्या कृमींची ओळख आपल्याला नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांत एकाचे नाव आहे 'अंत्राद', म्हणजे आतडे खाणारा. हा अंत्राद म्हणजेच आजचा अंकुशकृमी, असे म्हणण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवरला पाहिजे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळातली नावे आजच्या प्राण्यांना चिकटविणे धोक्याचे असते. पण आतड्याला कृमी खातो, हे ध्यानात आले होते एवढे खरे. चरकाने उपायांचाही क्रम लावून दिला. पहिला अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. दुसरा प्रकृतिविघात, म्हणजे त्याला पोटात राहणे अशक्य होईल असे करणे. आणि तिसरा निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने तो होतो ते कारणच टाळणे. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांची गरज लागणार आहे.

आधुनिक इतिहास सुरू होतो तो इटलीत. १८३८ साली मिलान शहरी आंजेलो दुबिनी या वैद्याला एका शेतकरी बाईच्या शवाची चिकित्सा करताना तिच्या आतड्यात जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे बारीक कृमी दिसले. त्यांचे सविस्तर वर्णन त्याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्यांच्यामुळे माणसे खंगतात, हे जगाला पटले ते एका बोगद्यामुळे. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून पंधरा किलोमीटर लांबीचा सेंट गोटार्डचा रेल्वे-बोगदा १८७२ पासून खणला जात होता. तेथील मजूर पांढरेफटक पडू लागले, दमू लागले, मरू लागले. १८८० च्या सुमारास तुरिनच्या पेरोन्चितो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या मजुरांच्या आतड्यांत हाच कृमी दाखवून दिला. बर्फाच्या डोंगरात हा उष्ण देशांतला प्राणी आला कसा? तर बोगद्यात ऊब होती, ओल होती, अंधार होता आणि शेकडो मजुरांना शौचाला वेगळी जागा नव्हती. कोकणातला श्रावणच जणू त्या डोंगराखाली बारा महिने नांदत होता!

कृमी पोटात शिरतो कोठून, हे कोडे मात्र उरलेच होते. सगळ्यांची समजूत अशी, की घाणेरड्या पाण्यातून किंवा हातांतून, म्हणजे तोंडावाटे. कैरोमध्ये आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ या अळ्यांवर प्रयोग करीत होता. एकदा अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला. तेथे आग झाली, कंड सुटली. काही आठवड्यांनी पाहतो तो त्याच्या स्वतःच्याच मलात अंकुशकृमीची अंडी! १८९८ साली त्याने जाहीर केले, की या अळ्या धडधाकट कातडीतून आत शिरतात. प्रथम फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पण १९०२ साली आसामच्या चहामळ्यांतून डॉ. बेंटली यांनी कळविले, की पावसाळ्यात मजुरांच्या पायांना होणारा 'पानी-घाव' नावाचा खाजरा फोड आणि मातीतल्या या अळ्या यांचा कार्यकारणसंबंध आहे. पाय हेच दार होते, आणि ते आयुष्यभर उघडे होते.

त्याच १९०२ साली अमेरिकेत चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांत या कृमीची दुसरी जात किती पसरली आहे ते सांगितले. वृत्तपत्रांनी थट्टेने मथळा दिला, 'आळसाचा जंतू सापडला!' पण थट्टेत मोठे सत्य होते. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या निरुद्योगी, मंद, नशिबाला चिकटून बसलेली म्हणून हिणविले गेले, ती रक्त नसलेली माणसे होती. १९०९ साली रॉकफेलरने या रोगाच्या निर्मूलनासाठी दहा लक्ष डॉलर दिले. तपासणीत दक्षिणेतील शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुले बाधित निघाली. मिलान, आल्प्स, आसाम, अमेरिका. चारी ठिकाणी गोष्ट एकच. आमच्या वाडीत जे घडले ते याच लांबलचक गोष्टीचे एक छोटे पान होते.

आता हा कृमी आत जाऊन नेमके करतो काय, ते पाहू. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. पण ज्या रणभूमीचा इतिहास सांगायचा तिचा नकाशा तरी माहीत हवाच.

अंडी मलाबरोबर मातीत पडतात. ऊब, ओल आणि सावली मिळाली की दिवस-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी माणसाच्या कातडीत शिरायला तयार होते. भुसभुशीत, वाळूमिश्रित माती तिला विशेष मानवते. उन्हात ती सुकून मरते, मीठ तिला सोसत नाही, भाताच्या खाचरात तुडुंब पाणी साठले तर तेथेही तिचे फारसे चालत नाही. म्हणजे पाहा, केळशीच्या किनाऱ्यावरची खारी वाळू सुरक्षित. पण तिला लागूनच असलेली, रोज शिंपलेली, नारळी-पोफळीच्या सावलीतली वाडी मात्र तिच्यासाठी नंदनवन. आणि आडोसा म्हणून माणूस जातो तोही नेमका त्याच सावलीत.

कातडीतून अळी रक्तात जाते, रक्ताबरोबर फुप्फुसात, तेथून श्वासनलिकेत वर चढते आणि नकळत गिळली जाऊन लहान आतड्यात उतरते. आतड्याचे हे अस्तर म्हणजे निव्वळ नळीचा आतला पृष्ठभाग नव्हे. मखमलीवर उभे तंतू असावेत तसे त्यावर लक्षावधी रसांकुर असतात, आणि त्यांच्यावर पेशींचा अवघा एक थर. अन्नातले सत्त्व या एका थरातून रक्तात जाते. घराचे दारही तेच आणि तटही तोच.

पोटातले सगळेच जंत या तटाशी सारखे वागत नाहीत. मुलांच्या पोटात होणारा मोठा गोल जंत अस्तराला चिकटत नाही. प्रवाहाविरुद्ध पोहत तो आयत्या अन्नावर जगतो. प्रतोदकृमी, म्हणजे चाबकासारखा कृमी, आपला बारीक पुढचा भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात दोरा ओवावा तसा ओवून ठेवतो. अंकुशकृमी मात्र खरा दरोडेखोर. त्याच्या तोंडात एका जातीला दात असतात, दुसरीला कापणाऱ्या पट्ट्या. अस्तराचा एक बारीक घास तोंडात ओढून घेऊन तो कुरतडतो आणि रक्त पितो. जखमेतले रक्त गोठू नये म्हणून विशेष द्रव्ये सोडतो. काही वेळाने ती जागा सोडून दुसरीकडे डसतो, आणि सोडलेली जखम मागे झिरपत राहते.

एक कृमी रक्त पिऊन पिऊन पिणार किती? एका जातीचा दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर, दुसरीचा सुमारे ०.१५ मिलिलिटर. वाटते, हे काय नुकसान झाले? पण हिशेब करा. दुसऱ्या जातीचे शंभर कृमी असले तर दिवसाला १५ मिलिलिटर, महिन्याला ४५० मिलिलिटर. रक्तदानाच्या वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, आणि पुन्हा तीन महिने दात्याला हात लावीत नाहीत. येथे त्याहून मोठे दान दर महिन्याला, न मागता! निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि आपण खातो त्या अन्नातून शरीराला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह मिळते. झिरपलेल्या लोहापैकी काही आतडे परत शोषून घेते खरे. पण भात आणि आमटीवर जगणाऱ्या, त्यात पोटुशी असलेल्या बाईने ही तूट भरून काढायची कशी? तिच्या बाळंतपणात काही वाईट घडले की लोक नशिबाला बोल लावीत.

मग अस्तर गप्प बसते काय? मुळीच नाही. या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. २००५ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की प्रतोदकृमी शिरला की प्रतिकार करणारे अस्तर आपल्या पेशी अधिक वेगाने वर ढकलते आणि कृमीला पायाखालची जमीनच सरकवून बाहेर लोटते. २०१६ साली तीन स्वतंत्र संशोधक-गटांनी आणखी एक गंमत उघड केली. अस्तरात विरळ विखुरलेल्या काही तुरेदार पेशी आहेत. त्या काय करतात ते नीटसे कळले नव्हते. त्या निघाल्या पहारेकरी! कृमीची चाहूल लागताच त्या रासायनिक इशारा देतात. अस्तराखालच्या संरक्षक पेशी जाग्या होतात, चषकपेशी चिकट श्लेष्मा सोडतात, आतड्याचे आकुंचन वाढते. गावात पूर आला की आपण अंगण धुऊन, खराट्याने चिखल लोटून देतो, तसाच हा प्रकार.

उंदरांत पुष्कळ कृमी अशा रीतीने काही आठवड्यांत बाहेर पडतात. माणसातला अंकुशकृमी मात्र वर्षानुवर्षे टिकतो. एक जात तर तीन ते पाच वर्षे सहज काढते. याचे कारण तो नुसता डसत नाही, तो समजूतही घालतो. त्याच्या अंगातून अशी द्रव्ये पाझरतात, की त्यामुळे शरीराची संरक्षक फौज सौम्य होते. दाह कमी राहतो, म्हणून पोट फारसे दुखतही नाही. हे पाहून त्या द्रव्यांतून आतड्याच्या दाहाच्या रोगांवर औषध मिळेल काय, असा शोध काही शास्त्रज्ञ घेत आहेत. तो त्यांनी जरूर घ्यावा. पण ज्याच्या ताटात लोह पुरेसे आहे त्याच्यासाठी हा कृमी प्रयोगाचा विषय. ज्याच्या ताटात नाही त्याच्यासाठी तो सावकार. आरडाओरडा न करता, रोज थोडे थोडे नेणारा.

आणि आता या साऱ्यातली इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अंकुशकृमी माणसाच्या पोटात वाढतो, पण तेथे त्याची संख्या वाढत नाही. त्याची अंडी बाहेर मातीतच फुटतात. म्हणजे पोटात शंभर कृमी असतील तर शंभर अळ्या एकेक करून बाहेरून आत आल्या आहेत. क्वचित तोंडावाटे, पण बहुधा पायांतून. म्हणून आतड्यातल्या कृमींची संख्या ही एक खतावणीच म्हणायची. त्या माणसाचे उघडे पाय मळलेल्या मातीवर किती वेळा पडले, त्याची ती नोंद. वाडी कोणाची आणि तीत अनवाणी राबते कोण, चप्पल कोणाला परवडते, शौचाला बंद दार कोणाला आहे, हे सारे त्या अस्तरावर लिहिलेले असते. ज्याला आपण आळस म्हणालो, ती समाजाकडून येणे असलेली बाकी होती.

ही बाकी फेडण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले, आणि त्यांत एका मराठी डॉक्टरांचे नाव आदराने घेतले पाहिजे. मद्रास इलाख्यात अंकुशकृमीची जी चौकशी झाली तिचे काम डॉ. कृ. श्री. म्हसकर यांनी केले. तिचा अहवाल १९२४ साली निघाला. फादर केयस या जेझुइट शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी कृमिघ्न औषधांची रासायनिक घडण आणि त्यांचा गुण यांचा मेळ तपासणारी लेखमाला प्रसिद्ध केली. पुढे कीर्तिकर-बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती सिद्ध करण्यातही या दोघांचा वाटा होता.

त्या काळचे प्रमुख औषध होते थायमॉल. आणि गंमत पाहा, हे थायमॉल ज्यातून काढीत तो आपला ओवा! पहिल्या महायुद्धापूर्वी ओवा हिंदुस्थानातून जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे थायमॉल होई. पोटात दुखले की आजी चिमूटभर ओवा तळहातावर ठेवायची. तान्ह्या मुलाच्या दुधात वावडिंग उकळायची. चरकानेही कृमिनाशकांत वावडिंगाला अग्रस्थान दिले आहे. म्हणून चिमूटभर ओव्याने अंकुशकृमी पडतो, असे मात्र समजू नका. थायमॉलची मात्रा मोठी असे, ती जपून द्यावी लागे आणि सोबत जुलाब द्यावा लागे. आज अल्बेंडाझोलची एक गोळी ते काम फार सुखरूपपणे करते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून ती दिली जाते. हे झाले अपकर्षण.

लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, पोटभर सकस अन्न यांनी शरीराला बळ आले, की झीज भरून निघते. चरकाच्या प्रकृतिविघाताशी हे तंतोतंत जुळते असे मी म्हणणार नाही. पण शरीराची बाजू सावरण्याचे काम ते करतेच. आणि तिसरा उपाय, निदानपरिवर्जन? येथेच सगळ्या मोहिमा अडखळल्या. अमेरिकेतही नुसत्या औषधाने बरी झालेली माणसे त्याच मातीतून पुन्हा बाधित होत. एकदा कृमी होऊन गेला म्हणून अस्तर कायमचे शहाणे होत नाही. गोळी आतड्यातली खतावणी पुसते. पण मातीतले खाते उघडेच राहते.

हे खाते बंद करण्याची धडपड आमच्या कोकणात आप्पा पटवर्धनांनी केली. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम मागितले आणि ते नाकारल्यावर उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वस्त, सोपे संडास आणि मैल्यापासून नीट कुजवलेले सोनखत यांचा प्रसार केला. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो अस्पृश्यतेचा आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचा, अंकुशकृमीचा नव्हे. पण मैला मातीवर उघडा पडू न देणे हे ज्या दिवशी एकाच जातीचे काम उरत नाही, त्या दिवशी कृमीचीही वाट तुटते. सामाजिक सुधारणा आणि आतड्याचे अस्तर यांचा असा जवळचा संबंध आहे.

शेवटी पुन्हा आमच्या वाडीत येतो. मावशी बऱ्या होऊन आल्या त्या वर्षी एक गोष्ट आमच्या लक्षात आली, आणि ती लक्षात यायला इतकी वर्षे लागावीत याची लाज वाटली. घरच्या माणसांसाठी संडास होता. वाडीत दिवसभर राबणाऱ्यांसाठी नव्हता. ती वाडीच्या टोकाला, पोफळींच्या आड जात, आणि तेथूनच पाटाचे पाणी वाहत असे. आजीने त्या वर्षी कामाच्या माणसांसाठी वेगळा पक्का संडास बांधायला लावला आणि पायात घालायला रबरी चपला आणून दिल्या. खर्चाबद्दल घरात थोडी कुरकुर झाली. आजी एवढेच म्हणाली, "रक्त चढवायला किती लागले ते आठवा."

वाळूच्या टेकडीचे थर वाचायला तज्ज्ञ लागतात. हा दुसरा इतिहास वाचायला लागतो तो समोर थकून बसलेल्या माणसाकडे नीट पाहणारा डोळा. त्याला अंगचोर म्हणण्यापूर्वी त्याची पापणी ओढून पाहावी, आणि मग त्याच्या पायाखालची माती.